शेपटी वर होती

नॉर्बी, विस्कॉन्सिन
२१ एप्रिल, रविवार

जोलीन,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, तर माझं अर्धं काम झालं. पत्ता डेल्बर्टकाकांकडून घेतला. तू त्यांना दर नाताळात कार्ड पाठवतेस हे मला अकरा वर्षं माहीत नव्हतं. त्यांच्या फ्रिजवर चुंबकाखाली तो गठ्ठा मी कितीदा पाहिलाय. मला वाटायचं, विम्याचे कागद असतील.

बातमी अशी, की काकांची मुलगी त्यांना शहरात तिच्या घरी घेऊन जाणार आहे. शहाऐंशी झाले त्यांना. गुडघे गेले, एक कान गेला, जीभ मात्र शाबूत आहे. नाताळाच्या आत हलवणार. रानाची जमीन विकली, आणि नवा मालक वसंतात आपलं शिकारीचं खोपट पाडणार आहे. म्हणजे या नोव्हेंबरचा हरणांचा सीझन आपल्या कॅम्पचा शेवटचा. काका म्हणाले, "जोलीनला बोलाव."

मी म्हटलं, "तुम्हीच बोलवा. तुमच्याशी बोलते ती."

तर म्हणाले, "माझ्या बोलावण्यानं येईल ती. पण मग त्याचा काय उपयोग?"

म्हणून लिहितोय. ये. सीझनचे नऊ दिवस नाही तर दोन दिवस ये. घळीच्या तोंडाशी तुझा बसायचा दगड अजून तसाच आहे. कॅम्पमध्ये आता मी आणि काका, दोघंच. पूर्वी सात जण असायचो, आणि बटाटे सोलायचं काम चुकवण्यासाठी मारामाऱ्या व्हायच्या. आता मीच सोलतो आणि काका सालं जाड काढल्याबद्दल शिव्या देतात.

आणि भिंतीचं काय करायचं तेही कळव. शेगडीसमोरच्या भिंतीवर एक्केचाळीस चिंध्या आहेत, परवाच मोजल्या. ज्यानं हरणावर गोळी झाडली आणि नेम चुकला, त्याच्या शर्टाचं मागचं टोक त्या संध्याकाळी कापायचं, नाव-तारीख लिहून खिळ्यावर ठोकायचं, हा नियम काकांनीच घातलेला, आणि चाकूही कायम त्यांचाच. बाबांच्या चार चिंध्या आहेत. काकांच्या स्वतःच्या सहा. तुझी एक. माझी एकही नाही, हे तुला सांगायला नको. मी ते फार वर्षं सगळ्यांना सांगत फिरलोय.

टर्कीचा सीझन लागला. पहाटे टर्कीला हाक मारायची बाबांची लाकडी डबी घेऊन धारेवर गेलो. तू अकरा वर्षांची असताना तिचं झाकण काठावर असं घासायचीस की बाबा म्हणायचे, "ही पोरगी टर्कीचीच आहे, वाट चुकून आपल्याकडे जन्मली." माझ्या हातात तीच डबी गंजलेल्या दारासारखी करकरते. तरी एका नराने उत्तर दिलं. पलीकडच्या उतारावरून गळा फुगवून असा गडगडला की माझ्या छातीत ऐकू आलं. जवळ आला, आणखी जवळ आला, आणि थांबला. बाबा सांगायचे, एकदा हाक मारायची, मग डबी गवतात ठेवायची आणि पाठ झाडाला टेकून गप्प बसायचं. यायचा असेल तर येतो. मला ते कधीच जमलं नाही. मी करकर करकर करत राहिलो आणि तो निघून गेला.

कळव.

लाइल


१२ मे, रविवार

जोलीन,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असं धरून चालतो.

टर्की मिळाली. शौर्याची गोष्ट नाही ही. दोन तास डबी घासून कंटाळलो आणि सँडविच काढलं. पहिला घास तोंडात, आणि मागे पालापाचोळा वाजला. वर्षाचा पोरगा नर, छातीवरची केसांची दाढी बोटभर सुद्धा नाही, माझ्याकडे असा बघत होता की सँडविचमध्ये काय आहे ते विचारेल. मी घास न चावता बंदूक फिरवली. छर्‍यांचा आवाज दरीभर घुमला आणि मग इतकं शांत झालं की मला उगाचच कुणालातरी "मिळाली रे!" म्हणून ओरडावंसं वाटलं. ओरडलो. कुणीही उत्तर दिलं नाही. पाखरू खांद्यावर टाकून घरी आलो.

एका माणसाला टर्की संपत नाही. मंगळवारी भाजली, बुधवारी पावात घातली, शुक्रवारपर्यंत सूप चाललं. रोझॅन होती तेव्हा आम्हा नवरा-बायकोत हाडंसुद्धा उरायची नाहीत. तिला जाऊन ऑगस्टमध्ये चार वर्षं होतील. तेव्हा तू फुलं पाठवली होतीस. कार्डावर नुसतं नाव होतं, दुसरा शब्द नाही. मी ते कार्ड मोटारीच्या कागदपत्रांत ठेवलंय.

आता बाबांना पुरलं त्या दिवसाविषयी. पुरल्यानंतर तू चर्चच्या तळघरात जेवायला थांबली नाहीस. मी तुझ्यामागे खोपटापर्यंत आलो. तुझे काळे बूट चिखलाने भरले होते. तू भिंतीपाशी उभी होतीस आणि तुझ्या चिंधीच्या खिळ्याला बोटं लावली होतीस. मी तुझं मनगट धरलं.

तू म्हणालीस, "फूटभर कापड मागतेय रे, घर नाही मागत."

मी म्हटलं, "कॅम्पच्या भिंतीवर गेलेलं निघत नाही. नियम म्हणजे नियम."

"बाबा गेले, लाइल. आता कुणाचा नियम?"

मी सोडलं नाही. फार जोरात धरलं होतं, मला नंतर कळलं. माझ्या बोटांचे वळ तुझ्या हातावर उठलेले तू गाडीत बसताना दिसले. त्यानंतर अकरा वर्षं. लोकांना मी सांगतो की बहीण चिडकी आहे, कापडाच्या तुकड्यावरून नातं तोडलं. असं सांगितलं की लोक मान हलवतात आणि बरं वाटतं.

मनगट धरल्याबद्दल माफ कर. कारण नियम नव्हतं. कारण दुसरं होतं, ते लिहीन. आज नाही.

लाइल


८ सप्टेंबर, रविवार

जोलीन,

काका मागच्या पायऱ्यांवरून घसरले. हाड मोडलं नाही, पण मांडी वांग्यासारखी जांभळी झाली. रोज संध्याकाळी त्यांचं जेवण घेऊन जातो. काल मटार-बटाट्याचं घेऊन गेलो तर म्हणाले, "तुझ्या हातचं खाण्यापेक्षा पुन्हा पडेन." सगळं खाल्लं.

मग विचारलं, "लिहिलंस का तिला?"

"दोनदा."

"सगळं?"

मी ताटं उचलली. त्यांना एका कानाने ऐकू येत नाही, पण न बोललेलं बरोबर ऐकू येतं.

"पोरा, मी शहरात गेलो की तिथं मला काही आठवणार नाही. डॉक्टरनं सांगितलंय. नावंसुद्धा जातील म्हणे. मग तुझ्या त्या दिवसाचा साक्षीदार कोण उरला?"

"कुणीच नाही."

"तेच तर. तुझी सोय होईल."

असं बोलतात ते. मला राग आला. भांडी आपटत घासली. पण जाताना त्यांनी फ्रिजवरचा कार्डांचा गठ्ठा माझ्या हातात दिला, "वाच, मला चष्मा सापडत नाही" म्हणत. चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी वाचली, सगळीच. कार्डांवरचे उंट काय, तुझं वाळवंटातलं घर काय, तुझ्या शाळेतली मुलं काय. खरं सांगतो, मी माझं नाव शोधत होतो. एकदाच सापडलं, पाच वर्षांपूर्वीच्या कार्डात, तळाशी, "लाइलची पाठ कशी आहे?" एवढंच. काकांनी त्याचं काय उत्तर दिलं विचारलं, तर म्हणाले, "लिहिलं, की वाकते, पण चुकीच्या वेळी."

पाठ बरी आहे. आता विचारलं असतंस तर.

रायफल तपासून घेतली, शंभर पावलांवर तीन गोळ्या मुठीच्या आत बसल्या. अजून नजर चांगली आहे. सीझन तेवीस नोव्हेंबरला, शनिवारी, उघडतोय. तुझी पोटमाळ्यावरची खाट साफ केली. उंदरांनी गादी खाल्ली होती, नवी आणली.

लाइल


२७ ऑक्टोबर, रविवार

जोलीन,

पानं गळाली. घळीत आता पार ओढ्यापर्यंत दिसतं. नरांनी झाडांच्या साली घासायला सुरुवात केलीय.

तुझं काही आलं नाही. म्हणून मीच तो दिवस लिहून काढतो. तुलाही आठवतो, पण मला तो तुझ्यासमोर एकदा पहिल्यापासून मांडायचाय.

सतरा नोव्हेंबर एकोणीसशे नव्वद, सीझनचा पहिला दिवस. त्या वर्षी बर्फ पडला नव्हता, तपकिरी पाला नुसता. तू पंधरा वर्षांची, तुझी पहिली रायफल, बाबांनी घेतलेली ती छोट्या गोळीची. नारिंगी कोट तुला गुडघ्यापर्यंत येत होता. तू घळीच्या तोंडाशी दगडावर. मी डाव्या बाजूच्या धारेवर मचाणात. बाबा आणि बाकीचे धारेपलीकडे, त्यांना काही दिसणं शक्य नव्हतं. मी चोवीस वर्षांचा होतो. सात सीझन झाले होते आणि माझ्या नावावर तीन माद्या आणि एक दोन टोकांचं बारकं पोर, एवढीच कमाई. बाबा बारमध्ये माझी ओळख "आमचा खाटीक" अशी करून द्यायचे, कारण मला फक्त दुसऱ्यांची हरणं सोलायला मिळायची. सगळे हसायचे. मीही हसायचो.

साडेसातला तुझी रायफल वाजली. एकच गोळी. आणि तो घळीतून बाहेर आला. तसा नर मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. दहा टोकं, शिंगं पिंपाएवढी रुंद. माझ्यासमोरून तिरका, ओढ्याकडे पळत गेला. मला बंदूक उचलायचंही सुचलं नाही.

बाबा धापा टाकत आले. तू दगडावर चढून ओढ्याकडे बोट दाखवत होतीस. "लागली, बाबा. मला आवाज आला, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "लाइल, तुझ्यासमोरून गेला ना? शेपटी कशी होती?"

आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. हरीण नुसतं घाबरलं असेल तर पांढरी शेपटी निशाणासारखी वर करून पळतं. गोळी लागली असेल तर शेपटी खाली, पायांत दाबलेली. वर असली तर शोधायला जायचं नाही, रान तुडवायचं नाही, गोळी फुकट गेली म्हणायचं आणि बसायचं.

मी म्हटलं, "शेपटी वर होती."

बाबा हसले. "मग शर्ट तयार ठेव, पोरी."

हे सगळं तुला माहीत आहे. यापुढचं तुला माहीत नाही. मी तीनदा लिहून तीनदा पान फाडलं. कॅम्पवर ये, समोरासमोर सांगतो. तेवढं तरी करू दे.

लाइल


२४ नोव्हेंबर, रविवार
कॅम्पवरून

जोलीन,

काल सीझन उघडला. तू आली नाहीस. दुपारपर्यंत रस्त्यावर गाडी वाजली की मी मचाणात मान वळवत होतो, आणि मचाणात मान वळवणारा माणूस हरणांना मैलावरून दिसतो. काही मिळालं नाही.

आता जेवणानंतर टेबलापाशी बसलोय. काका शेगडीजवळच्या खुर्चीत पेंगतायत. त्यांना चालवत नाही म्हणून त्यांनी या वर्षी बंदूक आणलीच नाही. "स्वयंपाकी म्हणून आलोय" म्हणतात, आणि स्वयंपाक मी करतो. समोर भिंत आहे. भिंतीकडे तोंड करूनच लिहितो.

शेपटी खाली होती.

बाबांनी विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती खालीच होती, पायांत दाबलेली. तो पळता पळता एकदा पुढच्या पायांवर अडखळलाही. मी सगळं पाहिलं होतं. 'वर होती' असं मी का म्हणालो, ते स्वतःला हजारदा विचारलंय. ठरवून म्हणालो नाही. पण तोंडातून गेल्यावर मागेही घेतलं नाही.

तू म्हणालीस, "पण लाइल, त्याची..." आणि मी तुला तोडलं. "गप गं. पहिल्या वर्षी सगळ्यांनाच लागल्यासारखं वाटतं." तू गप्प झालीस.

अकराच्या सुमाराला मी "जरा पाय मोकळे करतो" म्हणून ओढ्याकडे उतरलो. तो लव्हाळ्यात पडला होता, तुझ्या दगडापासून तीनशे पावलांवर. मेला होता, पण गरम होता. बरगडीत, नेमकी जिथे घालायची तिथे, छोटीशी जखम. इतका सुंदर नेम मला आजपर्यंत साधलेला नाही. मी त्याच्याशेजारी जरा वेळ बसलो. वाटलं, ओरडून तुला बोलवावं. मग बाबांचं "आमचा खाटीक" आठवलं. मी उभा राहिलो आणि मेलेल्या हरणाच्या मानेत गोळी घातली. कारण आवाज व्हायला हवा होता. मग माझ्या परवान्याचा बिल्ला त्याच्या शिंगाला बांधला.

बाबा ओढ्यापर्यंत धावत आले. मला मिठी मारली. त्यांनी मला मिठी मारलेली तेवढीच. तू मागे उभी होतीस. म्हणालीस, "छान आहे." त्याच संध्याकाळी काकांनी तुझ्या लाल चौकड्यांच्या शर्टाचं टोक कापलं, सगळे टाळ्या पिटत होते, आणि बाहेर खांबाला तुझं हरीण माझ्या नावानं टांगलेलं होतं. मीही टाळ्या वाजवल्या.

मंगळवारी काका ते सोलत होते. मला पडवीमागे बोलावलं. त्यांच्या तळहातावर चपटी झालेली गोळी होती, पलीकडच्या बाजूच्या कातड्याखाली अडकलेली. लहान. आपल्या कॅम्पमध्ये तशी बंदूक एकच होती.

"ही तुझी नाही," काका म्हणाले.

त्यांनी मूठ मिटली.

"हे मी सांगायचं नाही, तू सांगायचंस. तोवर ती कुठं राहील ते मी बघतो." त्यांनी आत जाऊन तुझ्या चिंधीच्या दुमडीत ती ठेवली आणि खिळा पुन्हा ठोकला. माझ्यासमोर.

म्हणून मी तुझं मनगट धरलं, जोलीन. तू चिंधी काढली असतीस तर गोळी तुझ्या हातात पडली असती. चौतीस वर्षं मी दर नोव्हेंबरात तिच्याकडे तोंड करून जेवलोय. बाबा मेले ते मला चांगला शिकारी समजून. ती शिंगं मॅजच्या बारमध्ये माझ्या नावाच्या पट्टीखाली आहेत, आणि त्यांच्यापायी किती लोकांनी मला बिअर पाजली असेल त्याचा हिशोब नको.

तू आणखी दोन सीझन आलीस. बंदूक मांडीवर घेऊन बसायचीस आणि एकही गोळी झाडली नाहीस. हरणं तुझ्या दहा पावलांवरून जायची. बाबा म्हणायचे, "हिची हिंमत गेली." मग तू आलीच नाहीस. गाव सोडलंस. ते मी केलं. बाबांनी नाही, काकांच्या चाकूने नाही.

एकच गोष्ट स्वतःला सांगून मी इतकी वर्षं झोपलो. तुझ्या दगडासमोर ज्युनिपरची दाट झुडपं होती. गोळी झाडल्यावर हरीण त्यांच्याआड गेलं असणार. म्हणजे तुला शेपटी दिसली नसणार, तुला खात्री नसणार, म्हणजे मी तुझ्या हातून फक्त हरीण घेतलं, दुसरं काही नाही. ही समजूत चौतीस वर्षं पुरली.

काका जागे झाले. विचारतायत, "लिहिलंस?"

हो म्हटलं. "सगळं?" हो.

लाइल


१ डिसेंबर, रविवार

जोलीन,

आज सीझन संपला. या पत्रासोबत एक लहान खोकं येईल. त्यात तुझी चिंधी आहे, आणि तिच्या दुमडीत ती तशीच. मी उघडून पाहिली नाही. शिंगं खोक्यात मावत नाहीत, ती माझ्या पडवीत आहेत. पट्टी उपटून टाकली आणि खडूने तुझं नाव लिहिलंय. पाठव म्हणालीस तर गाडीत घालून स्वतः आणून दारात ठेवीन. बेल वाजवणार नाही.

बुधवारी दुपारी मॅजच्या बारमध्ये गेलो. भरलेला होता, सगळे नारिंगी कोट. मी खुर्चीवर चढून शिंगं काढायला लागलो तेव्हा लोकांना वाटलं, मला चढलीय. खाली उतरून सांगितलं. फार लांबवलं नाही, ही शिंगं जोलीनची, गोळी तिची, मी मेलेल्या जनावरात बार काढला, एवढंच.  कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आम्ही चौतीस वर्षं खाटकालाच पाजली तर." बाबांचा शब्द. म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी असणार. कुणी हसलं नाही. मॅजनं भिंतीकडे बघून विचारलं, "आणि हा पांढरा डाग कशानं झाकू मी आता?" मी म्हटलं, राहू दे तसाच. माझी बिअर कुणीही भरली नाही, मीही मागितली नाही. गुरुवारी थँक्सगिव्हिंगचं कुणाकडून बोलावणं आलं नाही. दर वर्षी दोन-तीन तरी यायची. काकांनी आणि मी डब्यातली सुकी मासळी खाल्ली.

शुक्रवारी काकांना म्हटलं, "चाकू काढा."

"कशाला? तू गोळीच झाडली नाहीस यंदा."

"नव्वदची राहिलीय."

त्यांनी खिशातून चाकू काढला, पण उघडला नाही. मग म्हणाले, "खोपट पाडणारच आहेत रे वसंतात."

"मग त्याआधी लावू."

मी त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिलो. टोक कापताना पाठीला टोचलंही थोडं. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. कापड टेबलावर पसरून त्यांनी पेन उघडलं. नाव लिहिलं. तारीख लिहिली, सतरा नोव्हेंबर. "आणखी काय लिहू?" मी सांगितलं. त्यांनी मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिलं, "शेपटी खाली होती." तुझ्याच खिळ्यावर ठोकलं. काका पेनला टोपण लावत म्हणाले, "फार वेळ लावलास, लेका." त्यांचे डोळे भरले होते. माझेही. मग त्यांनी बटाट्याच्या सालांवरून शिव्या दिल्या.

हे सगळं करून मला हलकं वाटायला हवं होतं. शनिवारी सकाळपर्यंत वाटतही होतं.

शनिवारी मी माझ्या मचाणात गेलो नाही. तुझ्या दगडावर जाऊन बसलो. चौतीस वर्षांत एकदाही बसलो नव्हतो. थोडा बर्फ भुरभुरला होता. साडेसातच्या सुमाराला एक मादी घळीतून आली आणि तिला माझा वास लागला. ती त्याच वाटेनं पळाली, सरळ ओढ्याकडे. मी बंदूक खाली ठेवून नुसतं बघत होतो.

ज्युनिपरची झुडपं उजवीकडे आहेत. वाटेवर नाहीत. इतक्या वर्षांत वाढून आडवी झालीत, तरीही सगळं दिसतं. ती शंभर पावलं पाठमोरी, सरळ माझ्यासमोर पळत होती. शेपटी वर होती. तिच्या शेपटीचा एकेक केस दिसला असता मला. तेव्हा तर झुडपं लहान होती, तू पंधरा वर्षांची होतीस आणि तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले होते.

तुला माझ्यापेक्षा स्वच्छ दिसलं होतं. "पण लाइल, त्याची..." तू शेपटी म्हणत होतीस.

म्हणजे दोनातलं एक. एक तर तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की तुझा भाऊ खोटं बोलतोय. माहीत असून तू टाळ्या ऐकल्यास, शर्ट कापून घेतलास, "छान आहे" म्हणालीस, आणि मी कधी सांगतो याची चौतीस वर्षं वाट पाहिलीस. नाहीतर तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सोडून दिलंस, कारण मोठा भाऊ वेगळं म्हणाला. आणि मग कधीच बंदूक उचलली नाहीस, कारण आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही असं तुला वाटलं. यातलं खरं कुठलं, ते मला कळत नाही. पहिलं असू दे, असं मला फार वाटतं. तू माझा द्वेष केलेला चालेल मला. दुसरं असेल तर त्याला खोक्यात घालून पाठवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

तुला बरोबर दिसलं होतं, जोलीन. एवढं घे. बाकीचं राहू दे.

काकांना उद्या त्यांची मुलगी न्यायला येतेय. आज त्यांनी मला दोनदा बाबांच्या नावानं हाक मारली. मी ओ दिली.

एप्रिलमध्ये पुन्हा टर्कीचा सीझन लागेल. मी सहा पत्रं लिहिली. बाबांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, पुन्हा करकर लावलीस. तेव्हा हे शेवटचं. डबी गवतात ठेवली. मी इथेच आहे, पाठ झाडाला टेकून, आणि या वेळी मी हलणार नाही.

लाइल